सनद मिळाली, वकीलपत्र कोण देणार?

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि नागरिकांनी या मागणीसाठी चाळीस वर्षांहून अधिक काळ चिकाटीने लढा दिला होता. एका तारखेसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, फोर्टातील वकिलाच्या कार्यालयाबाहेर जिन्यावर बसून राहायचे आणि ‘आज प्रकरण बोर्डावर आलेच नाही’ एवढे ऐकून परत फिरायचे, हा सामान्य पक्षकाराचा वनवास त्यामुळे काही अंशी तरी संपला. समाजवादी कार्यकर्त्यांना त्याचा आनंद व्हावा हे स्वाभाविकच आहे. आदल्या दिवशी या बेंचचे उद्घाटन अमरावतीच्या भूमीतून आलेल्या, बौद्ध समाजातील पहिल्या सरन्यायाधीशांच्या, भूषण गवई यांच्या हस्ते व्हावे, यातही एक औचित्य होते.

परंतु न्यायालय दाराशी आले म्हणजे न्यायही दाराशी आला, असे मानण्याची घाई कोणी करू नये. उच्च न्यायालयाच्या पाठोपाठ उच्च न्यायालयाची वकिलीही त्या गावात वस्तीला येते. शासनाच्या, महामंडळांच्या, बँकांच्या, विमा कंपन्यांच्या, साखर कारखान्यांच्या वकिलांच्या याद्या नव्याने तयार होतात. कोणाचे नाव त्या याद्यांत चढते, कोणाच्या टेबलावर कागद पोहोचतात आणि कोण बार रूममध्ये दिवसभर वर्तमानपत्र वाचत बसतो, हे एकदा ठरले की पुढील तीस वर्षांसाठी ठरते. म्हणून हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. बौद्ध, मातंग, चर्मकार, वडार, कैकाडी, धनगर, मुसलमान कुटुंबांतून जी मुले पहिल्यांदाच काळा कोट घालून न्यायालयाची पायरी चढली आहेत, त्यांच्या हाती या नव्या व्यवस्थेत काय पडणार?

या मुलांना अलीकडे ‘अल्पसंख्य वकील’ असे एक सोयीचे नाव मिळाले आहे. नाव फसवे आहे. मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध हे धर्माने अल्पसंख्य आहेत हे खरे. परंतु दलित, आदिवासी, भटके आणि इतर मागासवर्गीय यांची बेरीज केली तर तो या देशाचा बहुसंख्य समाज ठरतो. गावात जो बहुसंख्य, तो न्यायालयाच्या ग्रंथालयात अल्पसंख्य कसा झाला, याचा जाब विचारण्याऐवजी त्याला अल्पसंख्य म्हणून मोकळे होणे ही प्रस्थापितांची जुनी हातचलाखी आहे.

या ‘अल्पसंख्यां’च्या उद्धारासाठी जी योजना आता शहरोशहरी मांडली जाते, तिचे नाव ‘व्यावसायिक विकास आणि नेटवर्किंग’. एखाद्या वातानुकूलित सभागृहात दिवसभराचे शिबिर भरते. ज्येष्ठ विधिज्ञ येतात आणि नवोदितांना पोशाख कसा असावा, हस्तांदोलन कसे करावे, स्वतःची ओळख दोन मिनिटांत कशी करून द्यावी, संध्याकाळच्या चहापानात कोणाशी बोलावे याचे धडे देतात. शिकविण्यात वाईट काहीच नाही. वाईट आहे ते या शिबिरांमागील गृहीतक. वंचित समाजातील वकील मागे आहे कारण त्याला लोकांत मिसळता येत नाही, त्याचे व्यक्तिमत्त्व घडलेले नाही, असे हे गृहीतक सांगते. म्हणजे रोग व्यवस्थेचा आणि औषध रोग्याच्या चालण्याबोलण्याला!

वकिलीत ‘नेटवर्क’ नाही असे कोणी म्हटले? ते आहे आणि दीडशे वर्षे आहे. फक्त त्याला आजवर त्या नावाने कोणी हाक मारली नाही. कोणी त्याला परंपरा म्हणाले, कोणी घराणे म्हणाले, कोणी ‘अमुक साहेबांचे चेंबर’ म्हणाले. आजोबांची ग्रंथसंपदा, वडिलांचे अशील, मामांची न्यायाधीशांशी असलेली ओळख आणि सासऱ्यांची सॉलिसिटर कंपनी हे सारे मिळून जे जाळे होते, त्यात जन्मलेल्या मुलाला कोणत्याही शिबिरात जावे लागत नाही. विधी आयोगाने २००९ साली आपल्या २३०व्या अहवालात ‘अंकल जज’ या प्रकाराची दखल घेतली होती. ज्या न्यायालयात काका-मामा न्यायासनावर बसले आहेत तेथेच पुतणे-भाचे वकिली करतात, ही वस्तुस्थिती आयोगासारख्या संस्थेला लेखी मांडावी लागली, यातच सारे आले.

शिवाय या व्यवसायाचा एक नियम या जाळ्याची राखण करतो. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमावलीतील ३६व्या नियमानुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, काम मागत फिरता येत नाही आणि त्याची पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची असावी लागते. विद्येचा बाजार होऊ नये हा त्यामागील हेतू उदात्त आहे, आणि समाजवाद्यांनी त्याला विरोध करण्याचे कारण नाही. पण परिणाम पाहा. ज्याचे आडनाव हीच जाहिरात आहे त्याला या नियमाचा काहीच तोटा नाही. ज्याचे आडनाव ऐकताच पक्षकार क्षणभर थबकतो त्याला मात्र आपण आहोत हे सांगण्याचीही बंदी आहे. समान नियम असमान समाजाला लावला की तो कोणाच्या बाजूने झुकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता हा मुलगा प्रत्यक्षात कसा जगतो ते पाहावे. जिल्ह्याच्या ठिकाणी कर्ज काढून, वसतिगृहात राहून त्याने पदवी घेतली. सनदेसाठी गेला तेव्हा त्याला पहिला धक्का बसत असे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या २४व्या कलमाने नोंदणी शुल्क राज्य परिषदेसाठी ६०० रुपये आणि अखिल भारतीय परिषदेसाठी १५० रुपये ठरविले आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी तर ते अनुक्रमे १०० आणि २५ रुपयेच आहे. प्रत्यक्षात राज्याराज्यांच्या परिषदा नाना नावांखाली हजारो रुपये उकळत होत्या. ओडिशात ही रक्कम चाळीस हजारांच्या वर गेली होती. कायद्याचे रक्षण करण्याची शपथ घ्यायला आलेल्या तरुणाकडून पहिल्याच दिवशी कायद्याबाहेरचे पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार होता. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरविला आणि अशा शुल्काचा भार दुर्बल समाजघटकांवर पडतो हेही स्पष्ट शब्दांत सांगितले. तोवर किती जणांनी पदवी पेटीत ठेवून दुसरी वाट धरली असेल, याची नोंद कोणत्याही परिषदेच्या दप्तरी नाही.

सनद मिळाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. सकाळी सीनियरच्या कार्यालयात हजर व्हायचे, फायली काढायच्या, त्या न्यायालयात वाहून न्यायच्या, तीन न्यायालयांत तीन तारखा मागायच्या, झेरॉक्स काढायच्या, नकला मिळविण्यासाठी कारकुनाची मनधरणी करायची आणि रात्री पुन्हा कार्यालयात बसून दुसऱ्या दिवसाचा बोर्ड लिहायचा. याबद्दल मिळते काय? पुष्कळ ठिकाणी काहीच नाही. कोठे सणासुदीला पाकीट, कोठे पेट्रोलचे पैसे. ‘शिकायला मिळते आहे ना?’ हा सीनियरचा ठरलेला प्रश्न. शिकायला मिळते हे खरे आहे. परंतु ज्याच्या घरी भाडे, बहिणीचे लग्न आणि वडिलांचे औषध यांचा हिशेब महिनाअखेरी त्याच्याच खिशाकडे पाहतो, त्याला चार-पाच वर्षे फुकट शिकणे परवडत नाही. ज्याला ते परवडते तोच पुढे ‘हुशार’ ठरतो. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक परिपत्रक काढून ज्युनियर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले. सुचविले, बंधनकारक केले नाही. रोजगार हमीवरच्या मजुराची मजुरी तरी कायद्याने ठरलेली असते. कायदा शिकलेल्या मजुराची मात्र सीनियरच्या मर्जीवर सोडलेली आहे.

यातून सुटण्याची एक वाट या मुलांना होती. ती म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाची स्पर्धा परीक्षा. परीक्षेत ओळख लागत नाही, काका लागत नाही. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते आणि राखीव जागाही असतात. २००२ नंतर या परीक्षेसाठी वकिलीच्या अनुभवाची अट उरली नव्हती. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभवाचा दाखला द्यायचा तो त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याने, किंवा दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाने त्या अधिकाऱ्याच्या शिक्कामोर्तबासह. न्यायाधीशाला न्यायालयाची हवा ठाऊक असावी हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ती हवा खात तीन वर्षे पोट कसे भरावे, याचे उत्तर त्या अटीने दिलेले नाही. विद्यावेतनाची सक्ती नाही आणि अनुभवाची मात्र सक्ती, या दोहोंची बेरीज केली की जो दरवाजा परीक्षेने उघडला होता त्याची कडी पुन्हा सीनियरच्या हाती जाते.

आकडे काय सांगतात? २०१८ पासून उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी शिफारस झालेल्यांकडून त्यांच्या सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेतली जाऊ लागली. केंद्रीय विधी मंत्रालयाने २०२५ च्या मार्चमध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्या वर्षापासून नेमलेल्या ७१५ न्यायाधीशांत अनुसूचित जातींचे २२, अनुसूचित जमातींचे १६, इतर मागासवर्गीय ८९ आणि अल्पसंख्य समाजांतील ३७ होते. चारही मिळून १६४. म्हणजे शंभरांत तेवीस. देशातील प्रचंड बहुसंख्येच्या वाट्याला चौथाईसुद्धा नाही! याउलट जेथे स्पर्धा परीक्षा आणि आरक्षण आहे त्या जिल्हा न्यायव्यवस्थेत २०२५ च्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’प्रमाणे अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १४ आणि जमातींचे ५ आहे. तेही पुरेसे नाही. पण दोन मजल्यांतील फरक डोळ्यांत भरतो. खालच्या मजल्यावर परीक्षेने चढता येते, वरच्या मजल्यावर ‘हेरले’ जावे लागते. हेरणारे कोण आणि ते कोठे पाहतात, याचा निर्णय आकड्यांनीच दिला आहे. सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन २०१० साली निवृत्त झाल्यावर २०१९ पर्यंत, तब्बल नऊ वर्षे, सर्वोच्च न्यायालयात एकही दलित न्यायाधीश नव्हता. या नऊ वर्षांत या देशातील दलित समाजात योग्य असा एकही विधिज्ञ नव्हता, असे ज्याला म्हणावयाचे असेल त्याने ते उघडपणे म्हणावे.

ते तसे उघडपणे म्हणत नाहीत. ते ‘गुणवत्ता’ म्हणतात. परंतु वकिलीतील गुणवत्ता ही काही परीक्षेतील गुणांसारखी कागदावर उमटत नाही. ती कामातून घडते आणि काम मिळाल्यावरच दिसते. ज्याला दहा वर्षे जामिनाचे अर्ज आणि पोटगीचे दावे यापलीकडे काही मिळालेच नाही, त्याला संविधानपीठासमोर युक्तिवाद करता येतो की नाही हे कळणार कसे? ज्येष्ठ विधिज्ञाचा दर्जा देण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने गुणांची पद्धत आणली होती. गाजलेले निकाल, लेखन, मुलाखत यांना गुण होते. हीदेखील प्रस्थापितांनाच सोयीची होती, कारण गाजणारे खटले गाजलेल्यांकडेच जातात. २०२५ च्या मे महिन्यात ती पद्धतही मोडीत निघाली आणि नवे नियम करण्याचे काम उच्च न्यायालयांकडे आले. ते नियम काय होतात आणि जिल्हा न्यायालयात आयुष्य घालविलेल्या वकिलाला त्यात जागा मिळते का, याकडे लक्ष ठेवणारे कोणी आहे का?

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. वंचित समाजातील वकिलाकडे काम येते तेही जातीच्या खुणेने. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरण आले की त्याची आठवण होते. तलाकचे प्रकरण आले की मुसलमान वकिलाची. भूसंपादनाचा मोठा दावा, सहकारी बँकेची वसुली, विमा कंपनीची अपिले ही कामे मात्र दुसऱ्या टेबलावर जातात. गावकुसाबाहेरची वस्ती न्यायालयाच्या आवारातही आहे, तिला फक्त कुंपण दिसत नाही. आणि दुःखाची गोष्ट अशी की खुद्द वंचित पक्षकारही, शेत विकून फी देण्याची वेळ आली की, प्रस्थापित वकिलाकडे जातो. ‘साहेब त्यांचे ऐकतात’ हे त्याचे कारण. त्याला दोष देता येत नाही. साहेब कोणाचे ऐकतात हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वकिलीची कहाणी नव्याने वाचण्याजोगी आहे. १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला, कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेला हा माणूस १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा सनदेचे पैसे त्यांना नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घ्यावे लागले. मूळ शाखेत बॅरिस्टरला काम मिळत असे ते सॉलिसिटरच्या हातून, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरच्या पायरीला येत नव्हते. त्यांनी अपील शाखेत आणि मुफसल न्यायालयांत काम शोधले, चरितार्थासाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. जगातील कोणत्या शिबिराने त्यांचे ‘व्यक्तिमत्त्व’ घडवायचे बाकी होते? त्यांना कमी होती ती वकीलपत्राची. आणि ते दिले कोणी? चळवळीने दिले. दिनकरराव जवळकर आणि केशवराव जेधे यांच्यावर ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून खटला झाला, त्यांना शिक्षा झाली, तेव्हा १९२६ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात अपील चालवायला ब्राह्मणेतर पक्षाने आंबेडकरांना बोलाविले. त्यांनी ते जिंकले. एका चळवळीने दुसऱ्या चळवळीच्या वकिलावर विश्वास टाकला, एवढ्यानेच हे घडले. त्याआधी राजर्षी शाहूंनी आपल्या संस्थानात अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या होत्या. त्या वेळीही पात्रतेचे प्रश्न विचारले गेले असतीलच. छत्रपतींनी त्यांची फारशी पर्वा केली नाही. ज्या कोल्हापुरात ते घडले, त्याच कोल्हापुरात आज उच्च न्यायालय बसते आहे.

मुसलमान वकिलाच्या बाबतीत प्रश्न नुसत्या मिळकतीचा राहात नाही, जिवाचा होतो. २००७ च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशातील न्यायालयांच्या आवारात बॉम्बस्फोट झाले, तेव्हा तेथील वकील संघटनांनी आरोपींची वकीलपत्रे घेऊ नयेत असे ठराव केले. लखनौचे मोहम्मद शोएब या समाजवादी वकिलाने ती घेतली आणि २००८ मध्ये न्यायालयाच्या आवारातच मार खाल्ला. मुंबईत शाहिद आझमी हा तरुण, स्वतः तिहारमध्ये तुरुंगवास भोगून आलेला, दहशतवादाच्या खटल्यांत आरोपींच्या बाजूने उभा राहू लागला. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्याच्या कार्यालयात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्याच्या खटल्यात तो ज्या फहीम अन्सारीचा बचाव करीत होता, तो पुढे तिन्ही न्यायालयांत निर्दोष ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचे असले ठराव बेकायदा आणि निरर्थक ठरविले. न्यायालयाने ते सांगितले. बार रूममधील किती जणांनी आझमीच्या खुर्चीवर बसण्याची तयारी दाखविली? आझमीकडे प्रकरणे सोपवीत होता तो जमियत उलेमाचा विधी विभाग. धर्माच्या नावाने चालणारी संघटना निरपराधांच्या बचावासाठी वकील उभा करते आणि धर्मनिरपेक्षतेच्या शपथा घेणाऱ्या संघटना निषेधाचे पत्रक काढून घरी जातात, हे चित्र डाव्यांना शोभादायक नाही.

या ठिकाणी काही जण अमेरिकेचा दाखला देतात. तिकडे मोठमोठ्या विधी-कंपन्यांनी अल्पसंख्य वकिलांसाठी स्वतःहून योजना आखल्या, मग इकडच्या उद्योगपतींनी आणि विधी-कंपन्यांनी का आखू नयेत, असा त्यांचा सूर असतो. दाखला पुरा दिला पाहिजे. अमेरिकन बार असोसिएशनने १९१२ साली तीन काळ्या वकिलांना नकळत सभासद करून घेतले आणि कळल्यावर एवढा गहजब केला की पुढील अर्जदारांना वंश लिहून देण्याची अट घातली. काळ्या वकिलांनी भीक मागितली नाही. १९२५ मध्ये डी मॉईन शहरात स्वतःची नॅशनल बार असोसिएशन उभी केली. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी शाळेत वकिलांची जी पिढी घडविली, तिच्यातून थर्गुड मार्शल आले आणि १९५४ चा शाळांतील वंशभेदाविरुद्धचा निकाल आला. ते जाळे एका लढ्यासाठी विणलेले होते. उलट अलीकडच्या काळातील विधी-कंपन्यांच्या औदार्याचे काय झाले? २०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्प सरकारच्या यंत्रणेने वीस बड्या कंपन्यांना त्यांच्या विविधतेच्या धोरणांबद्दल जाब विचारणारी पत्रे पाठविली आणि पाहता पाहता त्या शब्दांना संकेतस्थळांवरून रजा मिळू लागली. नऊ कंपन्यांनी तर व्हाइट हाऊसशी तडजोडी केल्या. मालकाच्या मर्जीने दिलेली खुर्ची मालकाच्या भीतीने काढून घेतली जाते. खुर्चीचा हक्कच हवा.

हक्काचा मार्ग अगदीच अज्ञात नाही. पंजाब सरकारने २०२२ मध्ये महाधिवक्त्यांच्या कार्यालयात अनुसूचित जातींच्या वकिलांसाठी ५८ पदे राखून ठेवली. जाहिरात निघाली, तरी काही जागा रिकाम्या राहिल्या. कारण काय, तर अमुक इतके वार्षिक उत्पन्न असलेलाच वकील या पदाला पात्र, अशी अट होती! काम नाही म्हणून उत्पन्न नाही आणि उत्पन्न नाही म्हणून काम नाही, हे चक्र राखीव जागेच्या आतही फिरत होते. शेवटी २०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ती उत्पन्नाची मर्यादा निम्म्यावर आणावी लागली. महाराष्ट्राने या अनुभवापासून शिकायला हवे. सर्वोच्च न्यायालयानेच २०१६ साली पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात सांगितले आहे की सरकारी वकिलांच्या नेमणुका पारदर्शक पद्धतीने आणि लायकी पाहून झाल्या पाहिजेत. सत्ताधाऱ्यांची ती खिरापत नव्हे. शासनाच्या, जिल्हा परिषदांच्या, महापालिकांच्या, वीज कंपनीच्या आणि एस.टी.च्या वकिलांच्या याद्या जाहीर झाल्या पाहिजेत. कोणाला वर्षात किती प्रकरणे दिली आणि किती फी दिली हेही जाहीर झाले पाहिजे. पैसा जनतेचा आहे. डॉ. लोहियांनी जो विशेष संधीचा सिद्धांत मांडला आणि संयुक्त समाजवादी पक्षाने साठ टक्के जागांची जी मागणी केली, तिच्यातून वकिलांची यादी वगळलेली नव्हती.

काही मित्र म्हणतील, वकिलांच्या जातवार संघटना झाल्या तर बार दुभंगेल. बार एकसंध केव्हा होता? परंतु या आक्षेपात एक खरी धास्ती दडलेली आहे आणि ती टाळून चालणार नाही. वंचित वकिलांच्या काही संघटना पाहता पाहता सत्कार मंडळे होतात. एखादा सभासद न्यायमूर्ती झाला, एखादा सरकारी वकील झाला की हारतुरे, फलक, छायाचित्रे. आणि तो वर गेल्यावर खाली शिडी सोडावी याची आठवण कोणालाच नसते. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘आयडिया’ उपक्रमाने खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार केले. असे प्रयत्न मोलाचे आहेत, कारण ते दार उघडून थांबत नाहीत, आतही हात धरतात. मात्र दोन-चारशे मुले विद्यापीठात पोहोचली म्हणून तालुक्याच्या न्यायालयात बसलेल्या हजारोंचा प्रश्न सुटत नाही. त्यांना विद्यावेतन लागेल, ग्रंथालय लागेल, उच्च न्यायालयाची इंग्रजी हाताळण्यासाठी मार्गदर्शन लागेल. जिल्हा न्यायालयात मराठीत निष्णात झालेला वकील ३४८व्या अनुच्छेदाच्या इंग्रजीसमोर अकारण मुका होतो. कोल्हापूरला येताना तो हा अडसर बरोबर घेऊनच येणार आहे.

आणि आता चळवळीच्या स्वतःच्या दप्तराकडे वळावे लागेल. कामगार संघटना, हमाल पंचायती, मोलकरणींच्या संघटना, धरणग्रस्तांच्या परिषदा, शिक्षकांच्या संस्था, सहकारी पतपेढ्या यांची प्रकरणे वर्षानुवर्षे न्यायालयांत चालतात. त्यांतील वकीलपत्रे कोणाच्या नावावर आहेत? मोर्चात पुढे चालणारा, रात्री पत्रके वाटणारा, पोलीस ठाण्यात कार्यकर्त्यांना सोडवायला धावणारा तरुण वकील बहुधा वस्तीतलाच असतो. पण औद्योगिक न्यायालयातून प्रकरण उच्च न्यायालयात गेले की संघटनेची कार्यकारिणी ‘मोठ्या माणसाचा’ शोध घेते. मोठा माणूस कधीकधी फी घेत नाही, हा त्याचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या बाजूला संघटनेचा आपला वकील उभा आहे का, कागद त्याने तयार केले का, त्याचे नाव निकालपत्रात छापले गेले का, हे कोणी पाहात नाही. मोठ्या माणसाच्या चेंबरमधला भाचा मात्र त्या निकालपत्रात हजर असतो, आणि दहा वर्षांनी त्याच निकालांच्या बळावर ज्येष्ठ विधिज्ञाच्या दर्जासाठी अर्ज करतो. श्रमिकांच्या वर्गणीतून प्रस्थापितांचे नेटवर्क पोसले जाते ते असे.

सहा जिल्ह्यांतील पक्षशाखांनी आणि सहभागी संघटनांनी आपापल्या चालू प्रकरणांची यादी करणे हे काम अवघड नाही. प्रत्येक प्रकरणात कोण वकील आहे, ज्युनियर कोण, त्याला काय मिळते, हे तीन रकाने भरायचे. ज्या प्रकरणात ज्येष्ठ वकील लागेलच तेथे वस्तीतील एका पहिल्या पिढीच्या वकिलाला सोबत घेण्याची अट वकीलपत्र देतानाच घालायची, आणि त्याची फी संघटनेने ठरवून द्यायची, ज्येष्ठाच्या मर्जीवर सोडायची नाही. कोल्हापुरात चार संघटनांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली, तीत कायद्याची पुस्तके, एक संगणक आणि सांगली-सोलापूर-सावंतवाडीहून येणाऱ्या वकिलाला रात्री पाठ टेकण्यापुरती जागा एवढे ठेवले, तर खर्च एका मेळाव्याच्या मांडवाहून अधिक येणार नाही. बेंचचे बोर्ड रोज लागत आहेत आणि शासकीय याद्यांवर नावे चढत आहेत. संघटनांच्या कार्यकारिणीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आहे की नाही, एवढेच तूर्त विचारायचे आहे.